माळावरचा चौथा

पाथरवटानं दगडावर छिन्नी टेकवली, हातोडा उचलला, आणि तेवढ्यात त्या बाईनं छिन्नीच्या पुढ्यात आपला पंजा ठेवला.

"ह्ये नाव कोरू नगासा," ती म्हणाली.

हातोडा वरच्यावर थांबला. मी आणि नगराध्यक्ष रंगराव भोईटे जवळच छत्रीच्या सावलीत उभे होतो. ऑगस्ट महिना, पण आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. बहात्तरचं साल होतं ते. माळावर पाय टाकला की धुरळा उडायचा.

"कोण गं तू?" रंगराव पुढं झाले. "हात काढ आधी. बोटं ठेचतील."

"ज्याचं नाव कोरताय त्याची लेक. केरबा मगदुमाची बनाबाई."

रंगरावांचा आवाज एकदम खाली आला. "म्हणजे आपल्या शामरावांची बहीण? अहो बनाबाई, पंधरा तारखेला तुम्हाला मानानं घेऊन येणार होतो आम्ही. वडलांचं नाव दगडावर येतंय, आनंद मानायचा सोडून हे काय?"

"माझ्या बापाचं नाव ह्या दगडावर नको. बाकी तिघांचं ऱ्हाऊ द्या."

"पण का?"

तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, मग रंगरावांकडे. "नको म्हंते म्हंजे नको. एवढंच सांगायचं हुतं."

पंजा उचलून ती आली तशी माळ तुडवत निघून गेली. पस्तिशीची असेल, अंगानं काटक, नऊवारीचा ओचा धुळीनं लाल झालेला. रंगराव तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिले. मग पाथरवटाला म्हणाले, "आज राहू दे रे. उद्या बघू." आणि मला म्हणाले, "भावाशी वाकडं आलेलं दिसतंय. तुम्ही वकील आहात, जरा बघा काय भानगड आहे. मंत्री यायचेत. ऐनवेळी शोभा नको."

देवकोट तेव्हा नुसतं तालुक्याचं गाव उरलं होतं, पण संस्थान विलीन होईपर्यंत ती राजधानी होती. आणि आम्ही उभे होतो तो सुळाचा माळ ही त्या राजधानीची एक खूण होती. अपराध्याचा जीव घ्यायचा तर तो राजधानीतच, राजाच्या नजरेच्या टप्प्यात, असा इथला रिवाज. जुन्या राजांच्या वेळी वेशीबाहेर सूळ रोवत. नंतर हत्तीच्या पायी देऊ लागले. पुढं चिंचेच्या फांदीला दोर आला, आणि शेवटच्या दिवाणांनी लाकडी चौकट उभी केली. तिच्यावरची शेवटची फाशी त्रेचाळीस सालची. प्रजापरिषदेच्या पोरांनी संस्थानचा खजिना लुटला, त्यात एक शिपाई मेला, आणि दिवाणांनी दवंडी पिटून सगळं शहर माळावर गोळा केलं. चौघांना एका रांगेत फासावर चढवलं. लोकांनी बघून गारठून जावं, असा दिवाणांचा बेत. पण लोकांनी चौघांच्या नावांचा जयजयकार केला, फुलं उधळली. तेव्हापासून देवकोटात चार हुतात्मे. प्रभातफेरीत चार नावं, चौकाच्या पाटीवर चार नावं: दिनकर पोतदार, यशवंत घाटगे, इब्राहिम नदाफ, केरबा मगदूम.

स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं होत होती म्हणून माळावर स्मारक आणि सोबत एक पुस्तिका निघणार होती. 'राजधानीतील देहदंड' हे तिच्यातलं प्रकरण माझ्याकडे आलं होतं. मी, शरयू कर्णिक, गावातली एकुलती बाई वकील. माझ्याकडे पक्षकार कमी आणि वेळ जास्त होता. संस्थानच्या कोर्टाचं दफ्तर अठ्ठेचाळीसच्या जाळपोळीत गेलं होतं, म्हणून मी म्हाताऱ्या माणसांना विचारून विचारून ते लिहिलं होतं. हुतात्म्यांची चरित्रं मात्र समितीनं त्यांच्या घरच्यांकडून घेतली होती.

त्याच दुपारी बनाबाई माझ्या ऑफिसात आली.

"तुम्ही बाईमाणूस, म्हणून आले," ती म्हणाली. खुर्ची दिली तरी बसली नाही. "नाव काढायला तुम्ही सांगा त्यास्नी."

"कारण सांगा. सांगते."

"कारण न्हाई."

"बनाबाई, कारणाशिवाय कुणी बापाचं नाव पुसायला सांगत नाही." मग मनात आलं ते विचारूनच टाकलं. "तुमच्या वडलांनी पोलिसांना बाकीच्यांची नावं सांगितली होती का?"

"नावं सांगितली असती तर दिवाणानं त्याला टांगला असता व्हय?"

उत्तर बिनतोड होतं, आणि बिनतोड उत्तर ताबडतोब देणाऱ्या माणसाचा मला त्या वयात फार संशय यायचा. "मग जमिनीचं काही आहे? शामरावांशी?"

"जमीन शामाची हाय. माझ्या हिश्श्याची सही म्या लगीन झाल्यावरच दिलीया."

सही देऊन बसलेल्या बहिणीलाच पुढं पस्तावा होतो, हे मी दोनच वर्षांच्या वकिलीत पाहिलं होतं. मी तसं बोलले नाही, पण तोंडावर दिसलं असणार.

"कारण सांगितलं तर नाव निघंल?" तिनं विचारलं.

"खरं असलं तर."

"आन खरं हाय का न्हाई ते ठरवणार कोण? तुम्ही?" ती दाराकडे वळली. उंबऱ्यात थांबून म्हणाली, "मी आलते म्हणून शामाला कळू देऊ नगा."

हे शेवटचं वाक्य मला सगळ्यांत खटकलं. भावाविरुद्ध काही करणारी बाई असंच म्हणणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी शामराव मगदूम स्वतःच आला. गावात कुठली गोष्ट लपते? पाथरवटानंच सांगितलं होतं. तिशीचा, उंचापुरा, डोक्यावर पांढरी टोपी. बाजारपेठेत त्याचं खताचं दुकान होतं. बोलायला इतका गोड की त्याच्यावरही संशय यावा.

"आक्काचं मनावर घेऊ नका, वकीलबाई," तो म्हणाला. "दाजी कानाला लागले असतील तिच्या. नाहीतर माझी आक्का देवमाणूस आहे. दुष्काळी कामावर खडी फोडते, पण माझ्याकडचा दाणा घेत नाही."

"आधी कधी नावाबद्दल बोलली होती?"

"कधीच नाही. आईबापाचा विषयच काढत नाही ती. माझ्या घरी बाबांचं चित्र लावलंय मोठं, चित्रकाराकडनं करून घेतलेलं. त्या खोलीत पाय ठेवत नाही. मी म्हणायचो, दुःख आहे. परवा रविवारच्या सभेपर्यंत ठीक होती. मीच तिला आणली, पुढच्या रांगेत बसवली. पुस्तिका वाचायला लागले आणि मधनंच उठून गेली."

"मधनं म्हणजे? वडलांचं आलं तेव्हा?"

शामराव आठवू लागला. "नाही. बाबांचं सगळं ऐकलं तिनं. आईचं आलं तेव्हा उठली."

आईचं काय होतं ते मला पाठ होतं. मुद्रितं मीच तपासली होती. 'पतीस फाशी झाल्याची वार्ता ऐकताच त्या पतिव्रतेने अन्नपाणी वर्ज्य केले व अल्पावधीतच प्राण सोडला.'

"हे तुम्हाला कुणी सांगितलं, शामराव?"

"चुलत्यानं. मी त्याच्याकडं वाढलो, आक्का आजोळी. मी दीड वर्षाचा, मला काय आठवणार?" त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "खरं सांगू? बाबांचं कौतुक सगळं गाव करतं. पण मला आईचीच ती ओळ जास्त आवडते. माझ्याजवळ तिचं तेवढंच आहे."

तो गेल्यावर मी मुद्रितातली ती ओळ पुन्हा वाचली. बापाचं नाव पुसायला निघालेली बाई बापाची स्तुती शांतपणे ऐकते, आणि आईच्या स्तुतीला उठून जाते.

रंगरावांकडे गेले. त्रेचाळीस साली विशीतले रंगराव त्या पोरांबरोबरच संस्थानच्या तुरुंगात होते. आठवणी विचारल्या की ते खुलत. त्या दिवशीही खुलले. दिनकरनं फासावर जाताना चष्मा काढू दिला नाही, म्हणाला, लोक मला दिसले पाहिजेत. यशवंताला ताप होता, हातपाय थरथरत होते, आणि त्याला एकच घोर, लोकांना वाटेल मी भ्यालो. इब्राहिम शिपायांना नकला करून दाखवायचा, शेवटच्या दिवशीही त्यानं जेलरची नक्कल केली. बोलताना रंगरावांचे डोळे भरून आले.

"आणि केरबा?"

"केरबा ना? धीराचा गडी."

"आणखी?"

"आणखी काय... धीराचा."

"खजिन्यावर गेले तेव्हा केरबा बरोबर होते?"

"असणार."

"असणार?"

रंगरावांनी पंच्यानं डोळे पुसले. पंचा खाली आला तेव्हा चेहरा बदललेला होता. "माझी उलटतपासणी चाललीय का, वकीलबाई? लोकांनी माळावर चार पाहिले. मी चार सांगतो."

बाहेर पडले तेव्हा माझा संशय बाईवरून उठून त्यांच्यावर येऊन बसला होता. तीन माणसं अजून त्यांच्या डोळ्यांपुढं वावरत होती. चौथा त्यांना ठाऊकच नव्हता. आणि माळावर एक अनोळखी बाई आली, काहीबाही बोलली, तर या हट्टी माणसानं फारसा वाद न घालता पाथरवटाला थांबवलं होतं.

शिरटेवाडीच्या रस्त्यावर दुष्काळी काम चालू होतं. उन्हात बायका ओळीनं बसून खडी फोडत होत्या. बनाबाई मला बघून उठली नाही. मी तिच्या शेजारी एका दगडावर बसले.

"तुमचे वडील त्या तिघांतले नव्हते," मी म्हणाले. "आणि तुमची आई त्यांच्या मागनं गेली नाही. आधी गेली."

तिची हातोडी थांबली. "कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. तुम्ही सभेतनं आईच्या ओळीला उठलात."

तिनं आजूबाजूच्या बायकांकडे पाहिलं, हातोडी ठेवली आणि चालू लागली. रस्त्यापासून लांब एका बाभळीखाली आम्ही बसलो. ती बोलायला लागली ती माझ्याकडे न बघता.

"माझा बाप लई संशयी. आई पाण्यासनं उशिरा आली, संशय. वाटंत कुणाशी बोलली, संशय. शेताला जाताना चुलीतली राख घिऊन उंबऱ्याभाईर पसरून जायचा. परत आला की वाकून बघायचा, कुणाचं पाऊल उमटलंय का. आई दिसभर घरात. मलाबी भाईर जायची चोरी, राख मोडंल म्हणून. एक दिवशी तिच्यावर पाऊल उमटलं. बाप्याचं."

"कुणाचं?"

"मामाचं माझ्या. आज्जी आजारी म्हणून सांगाय आलता. आतबी आला न्हाई. हुबा ऱ्हाऊन सांगितलं आन गेला. आईनं तेच सांगितलं त्याला. म्याबी सांगितलं. मामाला इचार म्हणली आई. त्यो कुठला इचारतोय? कुऱ्हाड दारामागंच हुती."

रस्त्यावरून दगडावर पडणाऱ्या घावांचा आवाज येत होता.

"मी सात वर्साची. दुसरं बघणारं कोण न्हवतं. दिवाणाच्या कोर्टात मलाच हुबी केली. हाकिमानं गोडीनं इचारलं, पोरी, तुझ्या आईला कुणी मारलं? म्या बोट केलं." तिचे दोन्ही हात पदराखाली होते. "मला वाटलं, त्याला कोंडून ठेवत्याल. फाशी देत्यात ते मला ठावं न्हवतं. पुढं आजोळी मोठ्या माणसांच्या बोलण्यातनं कळलं."

"आणि शामराव?"

"चुलत्यानं पोराला सांगितलं, बाप देशासाठी गेला, आई दुःखानं गेली. म्या म्हटलं, बरं झालं. पोरगं उजळ माथ्यानं फिरंल. आन माझं बोट कुणाला दिसायचं न्हाई. बापाचा जयजयकार ऐकला, म्या सोसला. दर साली सोसला. पर परवा वाचलं, माझ्या आईनं, तानुबाईनं, त्याच्यापायी अन्नपाणी सोडलं..." ती पहिल्यांदाच माझ्याकडे वळली. "वकीलबाई, त्यानं तिला मारली, आन तुम्ही तिला त्याच्याच मागनं धाडताय?"

मी तशीच नगरपालिकेत गेले. रंगराव पताकांच्या कामात होते. दार लावून घेतलं आणि सगळं सांगितलं. त्यांनी नाकारलं नाही.

"दिवाणानं फाशीची तारीख पुन्हापुन्हा पुढं ढकलली," ते म्हणाले, "तेव्हा आम्हाला कोडं पडलं होतं. मग मगदुमाची शिक्षा कायम झाली, आणि लगेच तारीख आली. तेव्हा उमगलं. तो एका खुन्यासाठी थांबला होता! बायकोला मारणारा माणूस त्याला आमच्या पोरांच्या रांगेत उभा करायचा होता. मगदूम लांबच्या खेड्यातला, इथं त्याला कुणी ओळखत नव्हतं, आणि दवंडीत गुन्हे सांगितलेच नाहीत. चार खुनी, बस्स. लोकांनी म्हणावं, सगळे एका माळेचे. आणि लोकांनी काय केलं? चौघांना डोक्यावर घेतलं! डाव उलटला त्याचा. आता मी उठून सांगू, की चौथा खरंच खुनी होता? दिवाण खोटं बोलत नव्हता?"

"त्यामुळं तिघांचं काय कमी होतं?"

"तुम्हाला गाव माहीत नाही. एक खोटा निघाला की बाकीच्यांवर संशय. उद्या इब्राहिमच्या दारात जाऊन विचारतील, तुमचा तरी खरा होता ना? त्याची म्हातारी अजून आहे, वकीलबाई."

त्यांच्या बोलण्यात तथ्य होतं. मी एवढंच म्हणाले, "आणि तानुबाई?"

"कोण तानुबाई?"

त्यांना कळायला वेळ लागला. कळल्यावर ते टेबलावरच्या पताका उगीच सारख्या करू लागले.

"ती ओळ काढतो पुस्तिकेतनं," अखेर ते म्हणाले. "नाव मात्र राहील. ह्याच्यापेक्षा मला जास्त करता यायचं नाही."

समारंभाच्या आदल्या दिवशी बनाबाई उत्तर ऐकायला माझ्याकडे आली. मी रंगरावांचं म्हणणं सांगितलं. तिनं विचार केला आणि मान हलवली.

"चालंल. आईची वळ निघाली न्हवं? मग नाव ऱ्हाऊ द्या. शामाला कळाय नको."

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि शामराव आत आला. हातात नवी छापलेली पुस्तिका होती. त्याचा गोडवा कुठल्या कुठं गेला होता.

"माझ्या आईची ओळ कुणी काढली? भोईटेअण्णा म्हणतात वकीलबाईंना विचार." मग त्याला बहीण दिसली. "तू! बाबांचं नाव पुसता येईना म्हणून आईवर आलीस? तिचं या जगात एवढंच होतं गं, आक्का. एक ओळ. तीही तुला बघवली नाही?"

"शामा, खाली बस."

"बसत नाही. ओळ परत घालून घेतल्याशिवाय मी उद्या माळावर पाय ठेवणार नाही. लोकांना काय सांगायचं ते सांगा. माझ्या आईनं जीव दिला त्यांच्यासाठी..."

"तिनं दिला न्हाई," बनाबाई म्हणाली. "त्यानं घेतला."

मी उठून जायला लागले. बनाबाईनं माझा हात धरून ठेवला. मग तिनं बाभळीखाली सांगितलं होतं ते सगळं त्याला सांगितलं. राख, मामाचं पाऊल, कुऱ्हाड. काही वगळलं नाही. बोटाचंही नाही. शामराव भिंतीला टेकून उभा होता. त्याचा विश्वास बसत नव्हता, आणि बसतही होता. दोन्ही त्याच्या तोंडावर एकदम दिसत होतं.

"तू बोट दाखवलंस?"

"व्हय."

"आणि मी? मी कुठं होतो तेव्हा?"

"माझ्या कडंवर. तुला सांभाळायला दुसरं कोण न्हवतं, म्हणून तुला घिऊनच हुबी हुते."

"रडत होतो?"

"न्हाई. लई दिसांनी बाप दिसला तुला. हसलास. त्याच्याकडं झेप घेत हुतास. मला आवरंनास."

शामरावाच्या हातातली पुस्तिका खाली पडली. ती त्यानं उचलली, झटकली, माझ्या टेबलावर नीट ठेवली आणि जिना उतरून गेला.

पंधरा तारखेला माळावर गर्दी लोटली. मंत्र्यांनी दगडावरचा पडदा ओढला. खाली तीन नावं आणि चौथ्याच्या जागी छिन्नीनं ओबडधोबड केलेला खड्डा. लोकांनी सवयीनं घोषणा दिल्या, तिसऱ्या नावापर्यंत आल्या आणि अडखळल्या. रंगराव नंतर मला म्हणाले, "सकाळी शामरावच पाथरवटाला घेऊन आला होता. मला विचारलं, खरं का? मी गप्प राहिलो. मग म्हणाला, नाव काढा. पोरगाच म्हणतोय म्हटल्यावर मी काय बोलू?"

खड्ड्याचा अर्थ कुणीच सांगितला नाही, म्हणून लोकांनी स्वतः लावला. केरबा मगदूम खबऱ्या होता. त्यानंच पोरांना पकडून दिलं. दिवाणानं काम झाल्यावर त्यालाही टांगला. आठवडाभरात हे इतकं पक्कं झालं की त्याची साक्ष द्यायला माणसं निघाली. शामरावाच्या दुकानाच्या फळ्यांवर कोळशानं 'खबऱ्या' असं लिहिलं गेलं. गिऱ्हाईक तुटलं. रंगराव एका वाक्यात हे थांबवू शकत होते, पण बोलले नाहीत.

मी शामरावाकडे गेले. "मी बोलू का लोकांशी?"

"नको." तो फळ्या पुसत होता. "तुम्ही नाही बोलायचं. पितरपाटात आईचा म्हाळ घालतोय. जेवायला या. चतुर्दशीला."

"अमावास्येला ना?"

"चतुर्दशीला," तो म्हणाला.

आजवर तो तिचा म्हाळ, म्हणजे पितृपक्षातलं श्राद्ध, सर्वपित्री अमावास्येलाच घालत आला होता. चतुर्दशी तिच्या आदल्या दिवशी येते, आणि ती शस्त्रानं मेलेल्यांची असते. घातचतुर्दशी म्हणतात तिला. त्या दिवशी घरच्या माणसाचं पान मांडायचं म्हणजे ते माणूस कसं गेलं हे गावाला सांगण्यासारखंच असतं. निमंत्रणं गेली तसा बाजारात तर्क सुरू झाला. केरबाला तर फाशी झाली होती. मग चतुर्दशीला हा कुणाचं पान मांडतोय?

मी गेले तेव्हा शामराव अनवाणी दारात उभा होता. पाणी नव्हतं, तरी येणाऱ्याच्या पायांवर तांब्यातनं घोटभर घालत होता. आतल्या भिंतीवर चित्राच्या जागी फिकट चौकोन दिसत होता. बनाबाई त्याच खोलीत पानं वाढत होती.

माझ्या पुढं तालमीचे वस्ताद होते. पाय धुताना त्यांनी विचारलंच, "शामा, चतुर्दशीला कसा काय?"

"आईचा आहे. माझ्या बापानं तिला कुऱ्हाडीनं मारलं. म्हणून त्याला फाशी झाली. तानुबाई नाव तिचं."

वस्तादांचा एक पाय वर तसाच राहिला. मग ते निमूट आत गेले. त्यांच्या मागून आलेल्यालाही शामरावानं तेच सांगितलं; तसंच, त्याच शब्दांत. त्याच्या मागच्यालाही. काहीजण ऐकून रस्त्यावरूनच परत फिरले. रंगराव आले. त्यांना ठाऊक असलेलं शामरावानं त्यांनाही पुरं सांगितलं, आणि त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. आत जाऊन ते पंगतीच्या टोकाला बसले.

एक म्हातारा मात्र दारातच अडून बसला. "एवढं खात्रीनं सांगतोस. बघणारं कोण होतं मग?"

बनाबाईच्या हातातली पळी आमटीच्या भांड्यात राहिली.

"आम्ही होतो," शामराव म्हणाला. "मी आणि आक्का."

म्हातारा त्याच्याकडे बघत राहिला, मग त्यानं पाय पुढं केले. शामरावानं त्यांवर पाणी घातलं.

बनाबाई बाहेर आली. कडेला उभी राहून भावाकडे बघत होती. "शामा," ती हळूच म्हणाली, "बास झालं आता. कळायचं त्यास्नी कळलं. तुझं पान वाढलंय, जेवाय चल."

"चल तू, आलो," तो म्हणाला, आणि तांब्या भरून घेऊन पुन्हा रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला. "अजून माणसं यायचीत."